परदेशी व्हेंचर फंडाचे कागद हातात आले की आधी करन्सी कशी वाचायची

परदेशी व्हेंचर कॅपिटल फंडाचे, म्हणजे नव्या कंपन्यांत पैसे घालणाऱ्या फंडाचे, कागद पहिल्यांदा हातात पडले की बहुतेक जण आकडा बघतात, किती मिलियन, किती टक्के, फी किती, आणि करन्सीचा शब्द नुसता नजरेखालून जातो. मी फंडांच्या हिशेबाच्या बाजूला बरीच वर्षं काम केलंय आणि जे घोळ पाहिलेत त्यातले अर्धेअधिक त्या दुर्लक्षलेल्या शब्दातूनच निघालेत. कारण अशा कागदात करन्सीचा शब्द कायद्याचाही असतो, पैसा कुठल्या दारानं आत आला आणि बाहेर जायचं दार उघडं आहे की बंद, हे तोच सांगतो. म्हणून मी वाचते कसं ते इथे सांगते, तुम्ही गुंतवणूकदार असा, स्टार्टअपवाले असा किंवा माझ्यासारखे बॅक ऑफिसमधले असा.

आधी नाव, खूण आणि शून्यं

कागदावर डॉलरची खूण दिसली की ती अमेरिकन डॉलरची आहे असं धरून चालू नका. सिंगापूर, हाँगकाँग, कॅनडा, ऑस्ट्रेलिया सगळे तीच खूण वापरतात, मेक्सिकोचा पेसोसुद्धा. केमन आयलंड्सचा तर स्वतःचा डॉलर आहे आणि तो अमेरिकन डॉलरपेक्षा महाग, १ केमन डॉलर म्हणजे १.२० अमेरिकन डॉलर असा बांधलेला. केमनमध्ये रजिस्टर असलेले व्हेंचर फंड जवळजवळ सगळे अमेरिकन डॉलरमध्येच चालतात हे खरं, पण खूण बघून अंदाज बांधायचा नाही, तीन अक्षरी कोड शोधायचा. आयएसओ ४२१७ हे त्याचं स्टँडर्ड, १९७८ पासूनचं, पहिली दोन अक्षरं देशाची आणि तिसरं बहुतेक वेळा करन्सीच्या नावाचं, म्हणून यूएसडी, एसजीडी, एचकेडी. कोड कुठेच नसेल तर फंडाच्या करारात व्याख्यांचं पान असतं तिथे 'डॉलर' शब्दाचा अर्थ लिहिलेला असतो, ते पान आधी काढा. येन आणि युआनचीही खूण एकच आहे, तिथे तर चूक झाली तर दहा-वीस पटीनं होते.

मग शून्यं. मिलियन म्हणजे १० लाख आणि बिलियन म्हणजे १०० कोटी, हे माहीत असतं तरी घाईत चुकतंच. फायनान्सच्या कागदात मिलियनसाठी कधी एक एम लिहितात कधी दोन, दोन एम म्हणजे मिलियनचे मिलियन नव्हेत, तीच गोष्ट. चिनी कागदांचं भाषांतर हाताळत असाल तर त्यांची मोजणी वेगळीच, 'वान' म्हणजे दहा हजार आणि 'यी' म्हणजे १० कोटी. भाषांतर करणाऱ्यानं 'यी'ला बिलियन केलं की फंड एका फटक्यात दहापट होतो. मी असे आकडे नेहमी अंकात पूर्ण लिहून काढते, सगळ्या शून्यांसकट, मगच पुढे जाते. आणि येनला पैसे नसतात, कुवेती दिनारला दशांशानंतर तीन घरं असतात, एक्सेलचा फॉरमॅट सगळ्यांना दोन घरं लावून ठेवतो, तेवढं बघून घ्या.

चीनचा विषय निघालाच आहे तर रेनमिन्बी आणि युआन यातला फरकही सांगते. रेनमिन्बी हे चलनाचं नाव, अर्थ 'जनतेचं चलन', आणि युआन हे त्याचं मोजायचं एकक. ब्रिटनमध्ये स्टर्लिंग आणि पाउंड आहे ना, तसंच. म्हणून 'रेनमिन्बी फंड' म्हणतात, 'पाच कोटी युआन' म्हणतात, उलट बोललात तर चूक कोणी धरणार नाही पण कागदात एकसारखं ठेवा.

एका फंडात चार-पाच करन्सी असतात

हे नवीन माणसाला पटकन लक्षात येत नाही. तुम्ही ज्या करन्सीत फंडाला पैसे द्यायचा शब्द दिलाय ती कमिटमेंटची करन्सी. फंडाच्या हिशेबाची मूळ करन्सी वेगळी असू शकते, तिला फंक्शनल करन्सी म्हणतात, आयएएस २१ या अकाउंटिंग स्टँडर्डनुसार ती मनानं निवडायची नसते, फंडाचा मुख्य व्यवहार ज्या चलनात होतो तीच धरायची. रिपोर्ट ज्यात छापतात ती प्रेझेंटेशन करन्सी, ती मात्र निवडता येते. मग ज्या कंपनीत पैसे घातले तिची करन्सी, तिची कमाई तिथल्या चलनात. आणि शेवटी तुमची स्वतःची, ज्यात तुम्ही भाजी घेता आणि टॅक्स भरता.

आता रिपोर्टमध्ये लिहिलेलं असतं की फंडाचा आयआरआर, म्हणजे वर्षाच्या हिशेबानं परतावा, १८ टक्के, तर पहिला प्रश्न कुठल्या करन्सीत. एक कंपनी तिच्या देशाच्या चलनात तिप्पट झाली आणि मधल्या काळात ते चलन डॉलरसमोर निम्म्यावर आलं, तर डॉलर फंडाला दीडपटच दिसणार. नायजेरियात जून २०२३ मध्ये सरकारी दर मोकळा सोडला तेव्हा एका डॉलरला ४६०-४७० नायरा होते ते त्याच महिन्यात साडेसातशेच्या वर गेले, इजिप्तमध्ये मार्च २०२४ मध्ये ३१ च्या आसपास असलेला पाउंड एका दिवसात ५० च्या घरात गेला. कंपन्या त्याच, ग्राहक तेच, धंदाही तेवढाच, आणि फंडाच्या रिपोर्टमध्ये किंमत मात्र घसरलेली. म्हणून करारात हर्डल रेट, म्हणजे मॅनेजरला नफ्यातला वाटा मिळायच्या आधी तुम्हाला मिळायला हवा तो किमान परतावा, तो कुठल्या चलनात मोजायचा ते वाचा. डॉलरमधला ८ टक्के आणि दरवर्षी घसरणाऱ्या चलनातला ८ टक्के ही एक गोष्ट नाही, जमीन-अस्मानाचा फरक आहे.

दर कोणाचा आणि कुठल्या दिवसाचा

जोडी कशी वाचायची ते एकदा पक्कं करा. युरो-डॉलर १.२० म्हणजे एका युरोला १.२० डॉलर, पहिलं नाव ज्याचं त्याचं एक एकक. उलटं धरलंत की गुणायच्या जागी भागाल.

एक उदाहरण पूर्ण करून दाखवते कारण हे समजलं की बाकी सगळं समजतं. समजा युरोपातल्या एका गुंतवणूकदारानं २०२१ च्या मध्यात एका डॉलर फंडाला १ कोटी डॉलर द्यायचं कबूल केलं. तेव्हा युरो १.२० डॉलरच्या आसपास होता, म्हणजे त्याच्या वहीत ८३.३ लाख युरोची जबाबदारी. व्हेंचर फंड सगळे पैसे एकदम मागत नाही, लागतील तसे मागतो, त्याला कॅपिटल कॉल किंवा ड्रॉडाउन म्हणतात. अर्धे पैसे लगेच मागितले, गेले ४१.७ लाख युरो. उरलेले अर्धे मागितले जुलै २०२२ मध्ये, आणि तेव्हा युरो घसरून बरोबर एका डॉलरवर आलेला, म्हणजे ५० लाख डॉलरला ५० लाख युरो. एकूण ९१.७ लाख, ठरवलेल्यापेक्षा ८ लाखांहून जास्त, आणि डॉलरमध्ये बघितलं तर एक सेंटही जास्त दिलेला नाही! आता हातात असलेली गुंतवणूक डॉलरमध्ये आहे म्हणून तिची युरोतली किंमतही वाढली हे खरंय, पण ती कागदावर, आणि रोकड मात्र त्याच आठवड्यात काढून द्यावी लागली. म्हणून न मागितलेल्या कमिटमेंटवर थोडी जादा रोकड बाजूला ठेवायची सवय लावा, किती ते त्या चलनाच्या स्वभावावर.

हेजिंग, म्हणजे दर हलला तरी तोटा होऊ नये अशी सोय, करता येतं का, येतं, पण व्हेंचरमध्ये ते अवघड आहे कारण कॉल कधी येईल आणि एक्झिट, म्हणजे गुंतवणूक विकून बाहेर पडणं, कधी होईल हे कोणालाच माहीत नसतं, आणि फॉरवर्ड कॉन्ट्रॅक्टला, म्हणजे पुढच्या व्यवहाराचा दर आज ठरवणाऱ्या कराराला, तारीख लागते. दहा वर्षांच्या फंडाचं सगळं हेज करायला निघालेला माणूस मला तरी शहाणा वाटत नाही. पुढच्या कॉलची नोटीस आली की तेवढ्यापुरता दर पक्का करणं हे समजण्यासारखं आहे.

आणि दराचा स्रोत कोणता ते करारात असायलाच हवं. फंडाच्या बँकेचा दर, मध्यवर्ती बँकेचा जाहीर दर, की एखाद्या डेटा कंपनीचा संध्याकाळचा दर. नोटीस निघाली त्या दिवसाचा की पैसे जमा झाले त्या दिवसाचा. सहसा हे एका ओळीत कुठेतरी लपलेलं असतं, शोधा आणि पेनानं खूण करून ठेवा.

पैसे पाठवताना जे अगदी जवळून दिसतं

आमच्याकडे एकदा एका गुंतवणूकदाराचे ५ लाख डॉलर यायचे होते आणि आले ४,९९,९६५. पस्तीस डॉलर मधल्या बँकेनं कापले. ऐकायला क्षुल्लक, पण करारात स्पष्ट होतं की पूर्ण रक्कम वेळेत आली नाही तर डिफॉल्ट, व्याज लागू, आणि मुदत संपायला एक दिवस उरलेला. त्या माणसाची काही चूक नव्हती, त्याला बँकेच्या फॉर्मवरचा एक रकाना कोणी समजावूनच दिला नव्हता. परदेशी ट्रान्सफरच्या फॉर्मवर चार्जेसचे तीन पर्याय असतात, 'अवर' म्हणजे सगळा खर्च पाठवणाऱ्याचा, 'शा' म्हणजे वाटून, 'बेन' म्हणजे घेणाऱ्याचा. कॅपिटल कॉल भरताना 'अवर'च निवडा, आणि तरीही दोन-तीन दिवस आधी पाठवा कारण स्पॉट व्यवहार, म्हणजे आजच्या दरानं केलेली चलनाची अदलाबदल, साधारणपणे दोन कामकाजाच्या दिवसांनी सेटल होतो आणि दोन्ही चलनांच्या देशातल्या सुट्ट्या मोजल्या जातात. व्हॅल्यू डेट म्हणजे पैसे समोर प्रत्यक्ष जमा धरले जातात तो दिवस, तुम्ही बटण दाबलं तो नाही. आणि नोटिशीतला खातेनंबर मागच्या वेळेपेक्षा वेगळा दिसला तर ईमेलला उत्तर देऊन विचारू नका, आधीपासून माहीत असलेल्या नंबरवर फोन करा. अशा फसवणुकीत एकदा गेलेले पैसे परत येणं फार कठीण.

पैसा बाहेर येऊ शकतो का

इथून करन्सीची भाषा आणि नियम एकच होतात. काही चलनं कुठेही बदलता येतात, काही नाहीत. कन्व्हर्टिबल शब्द दिसला की विचारा, करंट अकाउंटवर की कॅपिटल अकाउंटवर. माल-सेवांचं बिल भागवायला चलन बदलता येणं वेगळं आणि कंपनीचे शेअर विकून आलेला पैसा बाहेर नेता येणं वेगळं. भारतानं करंट अकाउंट १९९४ मध्ये मोकळा केला, चीननं १९९६ मध्ये, पण कॅपिटल अकाउंट दोघांचाही आजपर्यंत पूर्ण मोकळा नाही, आणि व्हेंचर फंडाचं सगळं आयुष्य त्या दुसऱ्या खात्यातच जातं.

चिनी युआनचे तर दोन कोड दिसतात. सीएनवाय म्हणजे देशाच्या आतला, मध्यवर्ती बँकेच्या रोजच्या दराभोवती ठरलेल्या पट्ट्यात फिरणारा. सीएनएच म्हणजे बाहेरचा, २०१० पासून हाँगकाँगमध्ये ज्याचा बाजार उभा राहिला तो, आणि हा आयएसओचा अधिकृत कोडही नाही, बाजारानं पाडलेलं नाव आहे. चलन एक, दर दोन, आणि मधे सरकारी कुंपण. रिपोर्टमध्ये मूल्यांकन एका दरानं आणि पैसे बाहेर दुसऱ्या दरानं असं झालं तर फरक कोणाच्या खात्यात जाणार ते आधी विचारून घ्या. रुपया, कोरियन वॉन, तैवान डॉलर यांच्यासाठी बाहेर एनडीएफ चालतो, म्हणजे नॉन-डिलिव्हरेबल फॉरवर्ड, त्यात मूळ चलन हातात येतच नाही, फक्त दरातला फरक डॉलरमध्ये चुकता होतो. कागदात एनडीएफ दिसला की ओळखा की या चलनावर बंधनं आहेत.

चीनमध्ये 'डॉलर फंड' आणि 'रेनमिन्बी फंड' असं म्हणतात तेव्हा ते चलनाबद्दल कमी आणि कायद्याबद्दल जास्त असतं. डॉलर फंड साधारणपणे केमनमधली लिमिटेड पार्टनरशिप (मॅनेजर चालवणार, बाकीचे नुसते पैसे घालणार), बाहेरून पैसा आणणार आणि बाहेरच्याच शेअर बाजारात लिस्टिंगची वाट बघणार. रेनमिन्बी फंड देशाच्या आतला, आतल्या पैशाचा. बाहेरच्या पैशाला आतल्या फंडात शिरायचं तर शांघायनं २०११ च्या सुमारास सुरू केलेली क्यूएफएलपी नावाची पायलट स्कीम आहे, नंतर इतर शहरांनीही काढली. आणि चिनी रहिवासी फाउंडरची बाहेर होल्डिंग कंपनी असेल तर परकीय चलन खात्याच्या २०१४ च्या सर्क्युलर ३७ खाली त्याची नोंदणी झालेली आहे का ते बघायचं. ती नसेल तर पैसा आत न्यायला आणि नफा बाहेर काढायला दोन्हीकडे अडतं.

नायजेरियात सीसीआय नावाचा कागद आहे, सर्टिफिकेट ऑफ कॅपिटल इम्पोर्टेशन. परदेशी भांडवल बँकेतून आत आलं की बँक ते देते, आणि पुढे कधी पैसे बाहेर न्यायचे झाले तर हाच कागद दाखवून अधिकृत बाजारातून डॉलर घेता येतात. भारतात बँकेचं इनवर्ड रेमिटन्सचं सर्टिफिकेट, पैसे आल्यापासून ६० दिवसांत शेअर देणं, दिल्यापासून ३० दिवसांत रिझर्व्ह बँकेला कळवायचा एफसी-जीपीआर फॉर्म भरणं, ही त्याच जातीची कागदपत्रं. पैसे आत येताना सगळे खूश असतात, फाइल कोणी बघत नाही, आणि सात वर्षांनी एक्झिटच्या वेळी तीच फाइल शोधायला सगळे धावतात. हे फार वाईट वाटतं बघायला, कारण त्या दिवशी दहा मिनिटांचं काम होतं.

नियम कोणाचे लागतात

एकाच देशाचे नियम लागतात असं समजू नका. फंड कुठे रजिस्टर आहे, मॅनेजर कुठे बसतो, गुंतवणूकदार कुठला, आणि कंपनी कुठली, चार जागा आणि चारही ठिकाणचे नियम एकदम लागू. एका कागदावर चार चौकोन काढा आणि प्रत्येकात देश लिहा, मी अजूनही असंच करते.

फंडाचा चौकोन केमन असेल तर २०२० चा प्रायव्हेट फंड्स अॅक्ट, कमिटमेंट स्वीकारल्यापासून २१ दिवसांत नोंदणीचा अर्ज, दरवर्षी ऑडिट. मॅनेजर अमेरिकेतला असेल तर त्याला पूर्ण नोंदणीतून व्हेंचर कॅपिटलची सूट मिळू शकते, पण त्यासाठी फंडानं 'व्हेंचर'ची व्याख्या पाळायला हवी, बसत नसलेल्या गुंतवणुकी २० टक्क्यांच्या आत, कर्ज १५ टक्क्यांच्या आत आणि तेही १२० दिवसांपुरतं. म्हणजे फंडानं दुसऱ्यांकडून जुने शेअर खूप विकत घेतले तर तो आपल्या मते व्हेंचर फंड असला तरी कायद्याच्या मते नसतो. युरोपात व्हेंचर फंडांसाठी २०१३ चा युवेका नियम आहे, त्या लेबलवर पूर्ण युनियनमध्ये फंड विकता येतो, किमान ७० टक्के पैसा पात्र कंपन्यांत हवा आणि व्यावसायिक नसलेल्या गुंतवणूकदारानं किमान १ लाख युरोची तयारी दाखवायला हवी. बाहेरच्या मॅनेजरला ते लेबल मिळत नाही, त्याला प्रत्येक देशाच्या स्वतःच्या परवानगीच्या वाटेनं जावं लागतं.

भारताचा चौकोन असेल तर सेबी (बाजार नियामक) आणि फेमा (परकीय चलनाचा कायदा) दोन्ही बघायचे, परदेशी व्हेंचर गुंतवणूकदारासाठी २००० चे एफव्हीसीआय नियम, देशातल्या फंडासाठी २०१२ चे एआयएफ, म्हणजे अल्टरनेटिव्ह इन्व्हेस्टमेंट फंडाचे, नियम. आणि एक मुद्दा लोकांना नेहमी उलटा वाटतो. भारतीय एआयएफमध्ये पैसा परदेशी असला तरी मॅनेजर आणि स्पॉन्सर (फंड उभा करणारा) भारतीय मालकीचे आणि ताब्यातले असतील तर त्या फंडानं पुढे केलेली गुंतवणूक परदेशी धरली जात नाही. पैसा कोणाचा यापेक्षा लगाम कोणाच्या हातात हे बघतात. गुजरातमधल्या गिफ्ट सिटी या आंतरराष्ट्रीय वित्त केंद्रात त्याच्या उलट, जागा भारतात पण फेमाच्या नजरेत तिथलं युनिट परदेशी रहिवासी, म्हणून तिथला फंड डॉलरमध्ये चालू शकतो.

गुंतवणूकदार कुठला हा चौकोन अलीकडे फार महत्त्वाचा झालाय. भारतानं एप्रिल २०२० मध्ये जमिनीची सीमा लागून असलेल्या देशांतून येणाऱ्या गुंतवणुकीला सरकारी परवानगी सक्तीची केली आणि तीत खरा लाभधारक कोण तेही बघतात. अमेरिकेनं २ जानेवारी २०२५ पासून उलट दिशेचा नियम लावला, अमेरिकन पैसा चीनमधल्या सेमीकंडक्टर, क्वांटम आणि एआय कंपन्यांत जाताना काही व्यवहार बंद आणि काही कळवून करायचे. त्यात लिमिटेड पार्टनरलाही, म्हणजे फंडात नुसते पैसे घालणाऱ्यालाही, जबाबदारी आहे, २० लाख डॉलरपर्यंतची कमिटमेंट सुटते किंवा फंडाकडून लेखी हमी घेतली असेल तर सुटते.

मर्यादा कुठल्या चलनात लिहिली आहे

ही बारीक गोष्ट आहे पण मला फार महत्त्वाची वाटते. नियमातला आकडा ज्या चलनात असतो त्याच चलनात तुमची मर्यादा हलते किंवा हलत नाही. युरोपच्या एआयएफएमडीत, म्हणजे फंड मॅनेजरांवरच्या मुख्य कायद्यात, पूर्ण परवाना लागू होण्याची ५० कोटी युरोची रेषा आहे, कर्ज न घेणाऱ्या आणि पाच वर्षं पैसे बांधून ठेवणाऱ्या फंडांसाठी. समजा मॅनेजरचे सगळे फंड मिळून ५५ कोटी डॉलरचे आहेत. युरो १.२० ला असताना ते झाले ४५.८ कोटी युरो, रेषेच्या आत. युरो १ वर आला की तेच ५५ कोटी युरो, रेषेच्या बाहेर, आणि मॅनेजरनं एकही नवीन डॉलर घेतलेला नाही. भारतीय एआयएफला परदेशात गुंतवणूक करायची तर फंडाच्या पैशाच्या २५ टक्के ही मर्यादा आहे आणि त्यावर पूर्ण उद्योगासाठी मिळून १५० कोटी डॉलरची मर्यादा, म्हणजे फंड रुपयात आणि छत डॉलरमध्ये. अमेरिकेत २५० गुंतवणूकदार घेऊ शकणाऱ्या छोट्या व्हेंचर फंडाची वरची सीमा २०२४ मध्ये १ कोटीवरून १.२ कोटी डॉलर झाली, तुमच्या गुंतवणूकदारांची कमिटमेंट दुसऱ्या चलनात असेल तर ती कुठल्या तारखेच्या दरानं डॉलरमध्ये मोजली ते लिहून ठेवा.

मी अशा प्रत्येक मर्यादेसाठी एक शीट ठेवते, मर्यादा, तिचं चलन, आजचा दर, दराचा स्रोत, आणि दर किती हलला तर रेषा ओलांडली जाईल तो आकडा. शेवटचा रकाना सगळ्यात कामाचा, कारण वकिलाला फोन करायला तुमच्याकडे आठवडा शिल्लक आहे की दोन दिवस हे तोच सांगतो. आणि कंपनीत पैसे घालायच्या बोलण्यात असाल तर टर्म शीटवर, म्हणजे सौद्याच्या मुख्य अटींच्या कागदावर, सही व्हायच्या आधी फाउंडरकडे मागच्या राउंडची, म्हणजे आधीच्या गुंतवणुकीच्या वेळची, बँक सर्टिफिकेटं आणि फॉर्मच्या पावत्या मागा. ज्याच्याकडे त्या आहेत तो त्याच दिवशी पाठवतो, आणि ज्याच्याकडे नाहीत त्यानं त्या बँकेकडून मिळवेपर्यंत पैसे थांबवून ठेवा, मग समोरचा कितीही घाई करो.